दृष्टीआडचे पाणी डोळ्यांपुढे

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



आज बोलायचे आहे ते चित्राविषयी. साध्या नव्हे, हलत्या चित्राविषयी. पोरे मोबाईलवर कार्टून पाहतात, त्या जातीचे चित्र. तुम्ही म्हणाल, शेतीच्या कार्यक्रमात हे काय काढले? खत-बियाण्याचे सांगायचे सोडून पोरखेळ कशाला? तर मंडळी, जरा दम धरा. हा पोरखेळ नाही. विहिरीच्या, बोअरच्या आणि कर्जाच्या हिशेबाशी त्याचा थेट संबंध आहे.

आपल्याकडे म्हण आहे, दृष्टीआड सृष्टी. जमिनीखालच्या पाण्याला ती जशी लागू पडते तशी दुसऱ्या कशालाच नाही. धरणातले पाणी दिसते, कालव्यातले दिसते, शेततळ्यातले दिसते. ते कमी झाले की माणूस आपोआप हात आखडता घेतो. जमिनीखालचे पाणी मात्र कोणीच पाहिलेले नाही. विहिरीत दिसते ते त्याचे एक तोंड, एवढेच. ते येते कुठून, जाते कुठे, शेजाऱ्याने मोटार सुरू केली की आपली विहीर का बसते, याविषयी जो तो आपापल्या समजुतीने बोलतो. आणि त्या समजुतीवर लाख-दोन लाखांचे बोअर मारतो.

हलते चित्र इथे कामाला येते. त्यात दगडाला उभा छेद देता येतो आणि वर्षभर चालणारी गोष्ट एका मिनिटात दाखवता येते. जून ते मे हे बारा महिने; एका महिन्याला पाच सेकंद दिले तर साठ सेकंदांत पाण्याचे पुरे वर्ष डोळ्यांपुढून जाते.

वाटाण्याच्या वेलाची गोष्ट

ही युक्ती काही परक्यांकडून आणलेली नाही. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके, ज्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, त्यांनी त्याच्या आधी १९१२ मध्ये एक लहानशी फीत तयार केली होती. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. फीत पडद्यावर चालवली तेव्हा पाहणाऱ्यांना दिसले, की दाणा फुटतो आहे, अंकुर वर येतो आहे, वेल चढतो आहे, आणि तेही मिनिटाभरात. ती पाहूनच त्यांना पुढच्या कामासाठी पैसे उभे करता आले. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ म्हणून आगपेटीच्या काड्या पडद्यावर नाचवणारी फीतही केली.

आता विचार करा. वेल वाढतो हे शेतकऱ्याला काय ठाऊक नव्हते? ठाऊक होतेच. पण ठाऊक असणे वेगळे आणि डोळ्यांपुढे घडताना दिसणे वेगळे. जमिनीखालच्या पाण्याचेही तसेच आहे. पातळी दरवर्षी खाली चालली हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिसत मात्र कोणालाच नाही.

चुकीच्या चित्राने काय होते

चित्राची बाजू घेऊन बोलतो आहे, म्हणून त्याचा दोष आधी सांगतो. हा दोष मी स्वतः भोगलेला आहे. खरे म्हणजे माझ्यापायी दुसऱ्याने भोगलेला आहे.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका कोरडवाहू गावात आम्ही मारुतीच्या देवळापुढे पडदा लावला आणि पाण्याविषयीची एक चित्रफीत दाखवली. फीत दिसायला फार देखणी होती. आकाशातून पाऊस पडतो, जमिनीत मुरतो आणि खाली एक मोठे निळेशार तळे भरते. लाटांसकट. सांगणारा सांगतो, पाणी जपून वापरा. पोरे खूश झाली, टाळ्या पडल्या. मीही खूश.

फीत संपल्यावर मागे बसलेले एक आबा म्हणाले, “मास्तर, म्हंजी खाली एवढा दर्या हाये व्हय! मंग आमचा पाइपच आखूड पडतोय म्हणा की.”

लोक हसले. मीही हसलो. तिथेच मी चुकलो. पुढच्या महिन्याभरात त्या गावात तीन बोअर झाले. तिन्हींतून फुफाटा निघाला. त्यातल्या एकाने गोठ्यातली दावणीची दोन जनावरे विकून चारशे फुटांपर्यंत खोली नेली होती. मी भेटायला गेलो तर तो एवढेच म्हणाला, “तुमच्या चित्रात तर लई पाणी होतं.” मला उत्तर सुचले नाही. चूक त्या शेतकऱ्याची नव्हती. चूक चित्राची होती, आणि न तपासता ते दाखवणाऱ्या माझी होती.

म्हणून आजचे पहिले सांगणे हे, की जमिनीखालच्या पाण्याचे चित्र पाहताना त्यातला दगड आपल्या गावचा आहे का, ते आधी पाहावे.

आपल्या पायाखाली काय आहे

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, बहुतांशी काळ्या दगडावर वसलेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहिला, थिजला आणि थरावर थर बसले. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग असाच आहे. गोदावरी आणि प्रवरेच्या काठाला, म्हणजे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या बाजूस काही ठिकाणी गाळाची जाड जमीन आहे. तिथले पाण्याचे चित्र निराळे. पण पारनेर, नगर, पाथर्डी, जामखेड, कर्जत या बाजूला विहीर खोदणाऱ्याला विचारा, तो थर घडाघडा सांगेल. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला दगड, कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्येच एखादा लाल मातीचा पट्टा, आणि खाली काळा फत्तर.

यातले पाणी कुठे असते? तळ्यात नाही आणि नदीतही नाही. ते मुरमाच्या कणाकणांत, दगडाच्या भेगांत, मांजऱ्याच्या भोकांत धरलेले असते. ओल्या फडक्यात पाणी असते तसे म्हणा. असे पाणी धरणाऱ्या आणि सोडणाऱ्या थराला जाणकार लोक जलधर म्हणतात. खालच्या अखंड फत्तरात पाणी जवळजवळ नसते. भेग लागली तर नशीब, नाही तर फुफाटा.

आता एक आकडा नीट लक्षात घ्या. आपल्याकडील मुरूम आणि भेगाळलेला दगड १०० घनफूट घेतला, तर त्यातून विहिरीला मिळणारे पाणी साधारण २ घनफूट असते. राहिलेले ९८ दगडच. याचा अर्थ काय? ५० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरले तर विहिरीची पातळी अडीच मीटरने, म्हणजे जवळजवळ ८ फुटांनी वर येते. आपण खूश होतो, यंदा विहीर तुडुंब! पण उपसा करतानाही हिशेब तोच लागतो. जमिनीवर बोट-दोन बोटे उभे राहील एवढे पाणी काढले, की विहीर तेवढीच झपाट्याने खाली जाते. आपली कणगी उंच आहे, पण आत पोकळी फार थोडी. दिवाळीला भरलेली विहीर होळीला तळ का दाखवते, ते यावरून समजेल.

चित्रात काय काय असावे

त्या फजितीनंतर आम्ही पद्धत बदलली. आधी गावकऱ्यांना घेऊन मे महिन्यात एका कोरड्या विहिरीच्या काठावर गेलो. भिंतीतले थर पाहिले, कोणत्या थरातून पाझर येतो ते जुन्या माणसांकडून ऐकले. मग शाळेतल्या पोरांकडून ते थर कागदावर काढून घेतले आणि त्यावर चित्र हलवले. तेव्हापासून कोणतेही चित्र दाखवण्याआधी मी पाच गोष्टी पाहतो. तुम्हीही पाहा.

पहिली गोष्ट, थर आपल्या गावचे असावेत. गाळाच्या मुलखातले चित्र खडकाळ मुलखात दाखवू नये.

दुसरी, पाणी कणांच्या मधे दाखवलेले असावे. निळे तळे किंवा वाहती नदी दाखवलेली असेल तर ते चित्र बाजूला ठेवावे.

तिसरी, येणारे आणि जाणारे असे दोन्ही पाणी दाखवलेले असावे. नुसता पाऊस मुरताना दाखवला आणि मोटारी दाखवल्याच नाहीत, तर तो अर्धा जमाखर्च झाला.

चौथी, शेजारी दिसला पाहिजे. आपल्या शेताला बांध आहे, सातबारा आहे. खालच्या पाण्याला दोन्ही नाहीत. मोटार सुरू झाली की विहिरीभोवतीची पातळी नरसाळ्यासारखी खोलगट होते. उपसा जितका जास्त, तितके नरसाळे रुंद. दोन नरसाळी एकमेकांत शिरली की दोन्ही विहिरी बसतात. चित्रात हे अर्ध्या मिनिटात कळते. तोंडाने सांगायला तास पुरत नाही आणि भांडण होते ते वेगळेच. विहिरीशेजारी खोल बोअर घेतले आणि त्याला वरपासून नीट पाइप बसवला नाही, तर वरच्या थरातले पाणी त्या भोकातून खालच्या भेगांत उतरून जाऊ शकते. मग विहीरही गेली आणि बोअरलाही फारसे लागले नाही, असे होते.

पाचवी, आकडे गावचे असावेत. पाऊस गावात मोजलेला, पातळी गावच्या विहिरीची, पिके गावची.

दुसऱ्या खेपेला हे चित्र पाहून दोन चुलतभाऊ उठले. दोघांच्या विहिरी शंभर पावलांवर. दोन वर्षे बोलणे बंद. धाकटा म्हणाला, “दादा, म्हणजे तूही माझं चोरत नव्हतास आणि मीही तुझं नाही. भांडं एकच हाय.” त्या उन्हाळ्यात दोघांनी मोटारी आळीपाळीने, एक दिवसाआड चालवल्या. पाणी वाढले असे मी म्हणणार नाही. चित्राने पाणी वाढत नसते. पण दोघांची जनावरांच्या चाऱ्याची वैरण निघाली आणि नवे बोअर कोणी घेतले नाही. माझ्या मते एवढेही थोडके नाही.

जमाखर्चाचे चित्र

आता जरा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस एक एकरावर पडला तर ते पाणी होते सुमारे ४,००० लिटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पडला असे धरू, म्हणजे एकरी २० लाख लिटर. हे सगळे मुरत नाही. काही वाहून जाते, काही वाफ होऊन उडते, काही पिके आणि गवत पितात. खाली विहिरीच्या पाण्यात भर पडते ती ढोबळमानाने दहावा हिस्सा, म्हणजे एकरी २ लाख लिटर. गावोगाव हे कमी-जास्त असते, पण समजण्यापुरते एवढे धरा.

आता उसाकडे पाहू. पावसाचे सोडून पाटाने दिलेले पाणी १,५०० मिलिमीटर धरले, तर एका एकराला ६० लाख लिटर लागले. म्हणजे एक एकर ऊस ३० एकरांवर मुरलेले पाणी पिऊन टाकतो. रब्बी ज्वारीला संरक्षित पाण्याच्या दोन पाळ्या, प्रत्येकी ७५ मिलिमीटरच्या दिल्या, तर ६ लाख लिटर. म्हणजे ३ एकरांचे पाणी. कालव्याखालच्या शेतकऱ्याचा हिशेब वेगळा. त्याला धरणाचे पाणी आहे. पण नुसत्या विहिरीवर ऊस लावणाराने आपल्या मागे ३० एकर कोणाचे आहेत, ते एकदा मोजावे.

हा आकड्यांचा हिशेब फळ्यावर लिहिला तर लोक जांभया देतात. तोच चित्रात मांडा. ३० चौकोन काढा, प्रत्येकातून एक निळा ठिपका निघून एका उसाच्या वाफ्यात जातो, आणि चौकोन एकेक करून पांढरा पडतो. शेवटचा चौकोन पांढरा पडतो तेव्हा त्यात गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर असते. हे पाहताना माणसे गप्प होतात. बायका तर हटकून बोलतात, कारण आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. म्हणून चित्र दाखवताना बायकांना मागे, ओट्याच्या कडेला बसवू नका. त्यांची जागा पुढे.

चित्राआधी घाम

आपल्या जिल्ह्यात हे काम चित्रे येण्याच्या आधीपासून झालेले आहे, हे विसरता कामा नये. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले आणि त्यानंतर नालाबांध, पाझर तलाव, चर आणि चराईबंदी यांतून गाव उभे राहिले. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्या गावाने पाणलोटाची कामे तर केलीच, पण शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि ऊस-केळीसारखी पिके न घेण्याचा नियमही पाळला. गावात पडलेला पाऊस मोजायचा, किती पाणी हाती आहे त्याचा ताळेबंद गावसभेपुढे मांडायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी राखायचे आणि उरलेल्यावर पिके ठरवायची, ही त्यांची रीत. अंथरूण पाहून पाय पसरणे ते हेच. पवार यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला तो या कामासाठी. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीनेही १९९० नंतरच्या दशकात डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम करून दाखवले.

म्हणजे फावड्याचे काम चित्र करीत नाही. चित्राचे काम वेगळे. चर खणण्यासाठी लोक एका दिवसात जमतात; पाणी राखून वापरण्याचा नियम मात्र वर्षानुवर्षे पाळायचा असतो. तो पटल्याशिवाय पाळला जात नाही, आणि दिसल्याशिवाय पटत नाही.

पुढे हे अनेकांच्या ध्यानात आले. पानी फाउंडेशनने २०१६ पासून गावकऱ्यांच्या प्रशिक्षणात चित्रफितींचा वापर केला. केंद्र शासनाची अटल भूजल योजना डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातील तिच्या १३ जिल्ह्यांत आपला जिल्हाही घेण्यात आला, आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद व जलसुरक्षा आराखडा गावानेच करावा हे तिचे मुख्य सूत्र होते. आंध्र प्रदेशात अनंतपूर जिल्ह्यातील गावांत २०१३ च्या सुमारास एक खेळच खेळवला गेला. प्रत्येकाने पीक निवडायचे, कमी पाण्याचे किंवा जास्त पाण्याचे. दर फेरीनंतर पातळी किती उतरली ते सांगायचे. चार-पाच फेऱ्यांत खेळणारांना कळे, की विहीर आपणच रिकामी केली. जिथे हा खेळ झाला तिथे पुढे पाण्याची नोंदवही ठेवणारी आणि नियम करणारी गावे जास्त आढळली.

आपले चित्र आपणच करावे

आता मुख्य गोष्ट. यासाठी शहरातून कोणाला बोलावण्याची गरज नाही. एक वही, एक दोरी आणि शाळेतली चार पोरे एवढ्यात काम होते. कसे ते सांगतो. जमल्यास टिपून ठेवा.

गावातील एक विहीर निवडा. काठावर रंगाने खूण करा आणि मोजणी नेहमी त्याच खुणेपासून करा. एका दोरीला फुटाफुटावर गाठी मारा, टोकाला वजन बांधा. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला पाणी किती फुटांवर आहे ते मोजा. मोटार बंद होऊन निदान आठ तास झालेले असावेत. चालू मोटारीची मोजणी खोटी पडते. रात्रीची वीज असेल तर संध्याकाळी मोजा. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चारदा मोजते. आपण चोवीस वेळा मोजायची.

पावसासाठी पर्जन्यमापक नसेल तर सरळ उभ्या कडेचा, तळ सपाट असलेला डबा चालेल. तो उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने मिलिमीटर मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करून परत ठेवा.

वर्ष सरले की २४ मोजण्या हाती येतात. आता तळहाताएवढ्या जाड कागदाचे ४८ तुकडे कापा. प्रत्येकावर तीच विहीर, तेच थर, तेच झाड काढा. खाली ठसा ठेवून काढले तर सगळी चित्रे सारखी येतात. फक्त पाण्याची रेघ बदलायची. एका मोजणीला दोन पाने. पहिले मोजलेल्या पातळीचे, दुसरे या आणि पुढच्या मोजणीच्या मधले. पावसाळ्याच्या पानांवर पावसाचे थेंब, ज्या पंधरवड्यात मोटारी चालल्या त्या पानांवर मोटार आणि ज्या पिकाला पाणी गेले ते पीक. एका बाजूने शिवा किंवा बांधा, आणि अंगठ्याने भराभर पाने सोडा.

झाले तुमचे हलते चित्र! मृगाला पाणी तळाशी, श्रावणात वर चढते, दिवाळीला काठाशी, मग मोटार दिसू लागते आणि रेघ खाली सरकते. संक्रांतीला अर्धी, शिमग्याला पाव, अक्षय तृतीयेला तळ. ही गोष्ट कोणा परक्याने सांगितलेली नसते. आपल्याच विहिरीने सांगितलेली असते, म्हणून तिला ‘खोटी’ म्हणता येत नाही. मोबाईल असेल तर त्याच पानांची एकेक छायाचित्रे क्रमाने घेऊन ती सलग चालवता येतात आणि ग्रामसभेत भिंतीवर दाखवता येतात.

दुसऱ्या वर्षी दुसरी वही करा. दोन वह्या शेजारी धरून एकदम सोडा. पाऊस तेवढाच पडला असून यंदा रेघ लवकर खाली गेली, तर का गेली? कोणते पीक वाढले, किती मोटारी वाढल्या? ग्रामसभेत पहिला प्रश्न हा विचारावा, आणि कोणाचे नाव घेऊन विचारू नये. वही सगळ्यांची, विहीर सगळ्यांची.

बोअर घेण्यापूर्वी

शेवटी एक कळकळीचे सांगणे. तळ दिसू लागला की माणूस घाबरतो. पाणाड्या नारळ फिरवतो, गाडीवाला उधारीवर बोअर मारून देतो म्हणतो, आणि रात्रीतून निर्णय होतो. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे. त्यात शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घेण्यास मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, वर सांगितलेले थर आठवा. खोलीला पैसे लागतात, पण खोलीबरोबर पाणी वाढतेच असे नाही.

म्हणून बोअरच्या गाडीला फोन करण्यापूर्वी एक रात्र थांबा. शाळेतून ती वही मागून आणा, कंदिलाजवळ नाही तर दिव्याखाली बसा, घरच्या माणसांना, विशेषतः घरधनिणीला शेजारी बसवा आणि पाने सोडून पाहा. पाणी कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकापायी गेले ते दिसेल. मग ठरवा, की खोल जायचे, का पीक बदलायचे, का शेजाऱ्याशी बोलायचे. त्या दोन जनावरांच्या मालकापुढे त्या वेळी अशी वही असती, तर आज त्याची दावण भरलेली असती. ही रुखरुख मला अजून आहे, म्हणून तुमच्यापुढे बोललो.

लक्षात ठेवण्याजोगे थोडक्यात:

१. जमिनीखाली तळे नाही. पाणी मुरमात आणि दगडाच्या भेगांत असते, तेही १०० त सुमारे २ भाग.

२. दुसऱ्या मुलखाचे चित्र आपल्या गावाला लावू नये.

३. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर. त्यातील थोडेच खाली पोहोचते.

४. पातळी दर पंधरा दिवसांनी, मोटार बंद असताना, एकाच खुणेपासून मोजावी.

५. आधी माणसांचे, मग जनावरांचे, मग पिकांचे पाणी.

६. वही शाळेत ठेवावी, ग्रामसभेत उघडावी.

यंदाच्या मृगापासून सुरुवात करा. आजच दोरीला गाठी मारून ठेवा.

रामराम.